शब्दचर्चा: ‘मिनिस्ट्री’, ‘आउटरीच’, ‘मेंटॉरिंग’ आणि ‘कंपॅशन’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

आमच्या ख्रिस्ती मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, वस्तीतील मुलांसाठी अभ्यासिका, रुग्णालयातील भेटी आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना आधार, असे तीन प्रकारचे काम चालते. या कामाची माहिती देणारे इंग्रजी पत्रक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एका परिचिताने यंत्राकडून करून घेतलेला पहिला मसुदा माझ्या हाती दिला असून त्यात ‘तुरुंग मंत्रालय’, ‘करुणा मंत्रालय’ आणि ‘पोहोच कार्यक्रमाचे लाभार्थी’ असे शब्द आले आहेत. हे चुकीचे आहे एवढे कळते, पण त्यांच्या जागी काय लिहावे ते सुचत नाही. इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावेत, कारण तेच सर्वांच्या तोंडी आहेत, असे काहींचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

‘मंत्रालय’ ही चूक कशी होते, ते आधी पाहू. लॅटिनमध्ये ‘मिनिस्टर’ म्हणजे सेवक; ‘मिनुस’ म्हणजे ‘कमी’, या शब्दाशी त्याचे नाते आहे आणि ‘मागिस्टर’ म्हणजे वरचा, धनी, गुरू, हा त्याचा विरुद्धार्थी शब्द. राजाचा सेवक पुढे राज्यकारभार पाहू लागला, तरी त्याचे नाव तेच राहिले. चर्चमध्ये मात्र मूळचा सेवकपणाचा अर्थ टिकला. मराठीत या दोघांसाठी पहिल्यापासून दोन वेगळे शब्द आहेत. ‘मंत्री’ हा मसलत देणारा आहे, त्यात सेवकाचा भाव नाही. म्हणून या संदर्भात ‘मंत्रालय’ कधीच बसणार नाही.

बसणारा शब्द आपल्याकडे दोनशे वर्षांपासून आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यातून मिशनरी विल्यम केरी यांचा मराठी नवा करार, म्हणजे बायबलच्या मूळ ग्रीकमधल्या दुसऱ्या भागाचे भाषांतर, १८११ मध्ये बाहेर पडला. पुढे १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतःचे भाषांतर १८२६ मध्ये छापले. तेव्हापासून घडत आलेल्या मराठी बायबलच्या भाषेत ग्रीक ‘दियाकोनिया’साठी ‘सेवा’ हा शब्द रूढ झाला. ‘दियाकोनिया’चा एक अगदी घरगुती अर्थ म्हणजे जेवणाऱ्यांना वाढणे. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचे अन्न वाटण्यावरून कुरकुर सुरू होते, तेव्हा पंगतीत वाढण्यासाठी आणि देवाचे वचन सांगण्यासाठी मूळ ग्रीकमध्ये एकाच धातूवरचे शब्द योजलेले आहेत. आपल्या उपासनेत ‘आज वचनाची सेवा अमुक पाळकसाहेब (पास्टर) करतील’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा हीच जोडणी आपल्या तोंडून होत असते. वाढपी आणि उपदेशक यांना एकाच नावाने हाक मारणारा हा शब्द मला फार मोलाचा वाटतो आणि ‘मिनिस्ट्री’ असे देवनागरीत लिहिल्याने तो हातचा जातो.

एक खबरदारी मात्र घ्यावी. मंडळीत ‘ते सेवेत आहेत’ म्हटले की ते पूर्णवेळ धर्मकार्य करतात हे सर्वांना कळते. बाहेरच्या वाचकाला तोच माणूस सरकारी नोकरीत आहे असे वाटेल. म्हणून पत्रकात ‘सेवाकार्य’ लिहावे. समास करतानाही सांभाळावे लागते. ‘रुग्णसेवा’ म्हणजे रुग्णांची सेवा, हे ठीक आहे. पण त्याच साच्यावर ‘तुरुंगसेवा’ केली की ती तुरुंगाची सेवा होते, तुरुंग खात्यातली नोकरी वाटते. तेथे ‘बंदिजनांमधील सेवाकार्य’ असे मोकळे लिहिलेले बरे.

आता ‘कंपॅशन’कडे येतो. येथे थोडा अधिक वेळ देणे भाग आहे, कारण दया, करुणा, कृपा, अनुकंपा, कणव, कळवळा असे कितीतरी शब्द आपल्यापाशी आहेत आणि त्यांतला कोणताही उचलला तरी चालेल, असा समज दिसतो. तसे नाही. ‘दया करणे’ यात करणारा वर आणि घेणारा खाली असतो. ‘माझ्यावर दया कर’ ही देवापुढे म्हटलेली प्रार्थना शोभते. पण वस्तीतल्या एखाद्या आईला पत्रकातून ‘आम्ही तुमच्यावर दया करतो’ असे सांगितले तर तिचा अपमान होईल. ‘कृपे’चेही तसेच आहे. ‘करुणा’ हा शब्द गंभीर आणि सुंदर आहे, पण तो शिलालेखासारखा दुरून वाचायचा शब्द झाला आहे. ‘कळवळा’ मात्र आपण करत नाही, तो येतो. ‘मला त्याचा कळवळा आला’ या वाक्यात करणारा कोणीच उंचावर उभा नाही. ज्याला कळवळा येतो तोच आतून हललेला असतो.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी हे अचूक ओळखले होते. मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) नवव्या अध्यायात लोकसमुदायांना पाहून येशूला त्यांचा ‘कळवळा आला’, कारण ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ‘गांजलेले व पांगलेले’ होते, असे आपण वाचतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहून त्या परक्याला त्याचा कळवळाच येतो. मूळ ग्रीक क्रियापद ‘स्प्लांख्ना’ म्हणजे आतडी, या शब्दापासून बनलेले आहे. इंग्रजी भाषांतरकारांना त्या आतड्यांचे काय करावे हा प्रश्न पडत आला आहे, पण मराठीला तो पडण्याचे कारणच नाही. आपले आतडे तुटते, आतडे पिळवटते, पोटात कालवते. नात्याला आपण ‘आतड्याची माया’ म्हणतो. हिब्रूत करुणेसाठी असलेला ‘रहमीम’ हा शब्द गर्भाशयवाचक ‘रेहेम’शी जोडलेला आहे आणि अरबीतून आपल्याकडे आलेला ‘रहम’ही त्याच कुळातला आहे. आई, पोट आणि माया यांची ही गाठ तुकोबांच्या अभंगातही आहे: लेकराचे हित वाहणाऱ्या माउलीच्या चित्ताबद्दल ते म्हणतात, ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती’. ‘जे का रंजले गांजले’ मधला ‘गांजले’ तर वर दिलेल्या मत्तयाच्या ओळीत तसाच भेटतो. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आले असे ते स्वतः मानीत, त्याची भाषेतली खूण मला या एका शब्दात दिसते.

आपल्या मसुद्यातल्या ‘लाभार्थी’ या शब्दाला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे, तो याच ओळीमुळे. सरकारी योजनेच्या यादीत तो शब्द योग्य असेल. पण लाभाविण प्रीती हे ज्या कामाचे मूळ, त्या कामात समोरच्या माणसाची ओळख ‘लाभाची इच्छा धरणारा’ अशी करून देणे हे कामालाच खोटे पाडते. तेथे ‘मुले’, ‘कुटुंबे’, ‘आजारी’, ‘सुटून आलेले’ असे साधे शब्द लिहावेत. पंडिता रमाबाईंनी हे किती जाणतेपणाने केले ते पाहण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तेथल्या घरांची नावे शारदा सदन, कृपा सदन, प्रीती सदन अशी आहेत. अंध स्त्रियांच्या घराचे नाव तर बरतीमी सदन. बरतीमी म्हणजे यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला तो आंधळा, ज्याचे नाव शुभवर्तमानात आवर्जून नोंदलेले आहे. ‘अंधालय’ किंवा ‘अनाथालय’ अशी व्यंगावरून दिलेली पाटी त्या स्त्रियांच्या दारावर लागली नाही, त्यांना घर मिळाले आणि घराला एका माणसाचे नाव मिळाले. याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण प्रसिद्ध झाले. शब्द निवडताना समोर कोण बसले आहे हे त्यांना सतत दिसत असले पाहिजे.

‘मेंटॉर’ हे मुळात होमरच्या काव्यातले विशेषनाम आहे. युद्धावर निघालेल्या ओदिसियसने आपले घर ज्या मित्राच्या हवाली केले, तो मेंटॉर. सल्ला देण्यापेक्षा, बाप दूर असताना मुलाच्या पाठीशी उभे राहणे हा त्या नावातला गाभा आहे. म्हणून ‘मार्गदर्शक’ हा शब्द मला अपुरा वाटतो. आपल्याकडे तो परीक्षेच्या पुस्तकांवर आणि चौकातल्या फलकांवर इतका वापरला गेला आहे की त्यात माणूस उरलेला नाही. ‘गुरू’ फार मोठा होतो. ‘पाठीराखा’ हा शब्द मी सुचवीन. बायबलमध्ये याचे उत्तम उदाहरण आरंभीच्या मंडळीतल्या बर्णबाचे आहे. त्याच्या नावाचा अर्थ मराठी बायबल ‘बोधपुत्र’ असा देते. मूळ शब्दात बोध, धीर आणि सांत्वन हे तिन्ही आहेत, आणि पवित्र आत्म्यासाठी आपण जो ‘कैवारी’ हा सुरेख शब्द वापरतो त्याचे ग्रीक मूळही याच कुळातले आहे. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल, म्हणजे पुढचा पौल, मनाने पालटून यरुशलेमेत आला तेव्हा सारे शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने मात्र त्याला ‘जवळ करून’ प्रेषितांकडे नेले. तुरुंगातून आलेल्या माणसासाठी आपली मंडळी जे करते त्याला ‘जवळ करणे’ याहून नेमके क्रियापद मला सुचत नाही. नाम हवेच असेल तर ‘सोबत’ घ्यावे: ‘सुटून आलेल्यांची सोबत’.

‘आउटरीच’ला एक शब्द शोधू नये. ‘जनसंपर्क’ म्हटले की कंपनीचे प्रसिद्धी खाते आठवते, ‘प्रसार’ म्हटले की वाचकाला केवळ धर्मप्रचार वाटतो आणि ‘पोहोच’ म्हणजे तर पावती. काम काय आहे ते क्रियापदाने सांगावे: वस्तीवर जातो, घरभेटी घेतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगर भागात थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन गावोगाव जात, त्याला ‘फिरतीवर जाणे’ किंवा ‘दौरा’ म्हणत. तोही शब्द जिवंत आहे.

वसईहून पूरक

वरील विवेचन प्रॉटेस्टंट मंडळींच्या बोलीला धरून आहे, म्हणून एक भर घालतो. आमच्या कॅथलिक मराठीत ‘मंडळी’च्या जागी ‘धर्मग्राम’, ‘पाळका’च्या जागी ‘धर्मगुरू’ आणि ‘प्रभुभोजना’च्या ठिकाणी ‘मिस्सा’ आहे, पण ‘सेवा’ दोन्हीकडे एकच आहे. घरभेटीचे म्हणाल, तर पॅरिसमध्ये १८३३ मध्ये सुरू झालेल्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे मुख्य कामच गरजूंच्या घरी जाणे हे आहे. माझा प्रश्न ‘कळवळ्या’विषयी आहे. ‘मोठा कळवळा आला आहे’ हे आपण टोचूनही म्हणतो. पत्रकाच्या मथळ्यात तो शब्द घातला तर तसा ध्वनी येणार नाही का?

पुन्हा उत्तर

आपली शंका रास्त आहे आणि मथळ्यापुरती ती मला मान्य आहे. कळवळा ही दुसऱ्याविषयी सांगण्याची गोष्ट आहे. स्वतःविषयी ‘आम्हांला कळवळा आहे’ अशी पाटी लावली की तो शब्द लगेच संशयास्पद होतो. म्हणून मथळ्यात केवळ कामाचे नाव द्यावे आणि ‘कळवळा’ शास्त्रवचन उद्धृत करताना किंवा एखाद्या प्रसंगाच्या वर्णनात येऊ द्यावा.

शब्दाला असा टोचणारा अर्थ चिकटण्याच्या याच भीतीने, रुग्णालयातील भेटींसाठी मराठी बायबलमधला ‘समाचाराला जाणे’ हा वाक्प्रचार वापरावा की नाही, यावर मी बराच विचार केला. ‘मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात’ हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले वाक्य लहानपणापासून कानावर आहे आणि माझ्या आजीच्या पिढीत बाळंतिणीच्या, आजाऱ्याच्या समाचाराला जाणे हा रोजचा शब्द होता. पिशवीत मोसंबी आणि डब्यात मऊ भात घेऊन ती निघाली की ‘कुठे?’ या प्रश्नाला ‘समाचाराला’ एवढेच उत्तर असे. आज मात्र ‘समाचार घेणे’ म्हणजे खडसावणे हाच अर्थ आधी डोळ्यांपुढे येतो, आणि वर्तमानपत्रांत तर समाचार नेहमी ‘खरपूस’च असतो. तरीही ‘घेणे’ आणि ‘ला जाणे’ यांतला फरक मराठी कानाला अजून कळतो असे माझे मत आहे. ‘आजाऱ्यांच्या समाचाराला जाणे’ असे पूर्ण लिहिले तर कोणाचाही गैरसमज होणार नाही.

पत्रकासाठी माझी सुचवणी अशी: वर ‘आमचे सेवाकार्य’ एवढेच शीर्षक द्यावे आणि खाली तीन ओळी लिहाव्यात. ‘वस्तीतल्या मुलांबरोबर रोज संध्याकाळी अभ्यासाला बसतो. रुग्णालयात आजाऱ्यांच्या समाचाराला जातो. तुरुंगातून सुटून आलेल्यांना जवळ करतो.’ अभ्यासिका रोज भरत नसेल, तर ‘रोज’ काढून खरे वार लिहावेत.