‘ग्रेझ’ या इंग्रजी क्रियापदासाठी मराठीत नेमका कोणता शब्द योजावा?

प्रश्न

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना ‘ग्रेझ’ हा शब्द मला तीन ठिकाणी भेटला आणि तिन्ही ठिकाणची अडचण निराळी आहे. पहिल्या वाक्यात बंदुकीची गोळी शिपायाच्या खांद्याला ‘ग्रेझ’ करते, दुसऱ्यात सायकलवरून पडलेल्या मुलाच्या गुडघ्यावर ‘ग्रेझ’ दिसतो, आणि तिसऱ्यात जिना उतरणाऱ्या एका स्त्रीची बोटे वर येणाऱ्या माणसाच्या मनगटाला ‘ग्रेझ’ करतात. शब्दकोशात ‘हलकेच स्पर्श करणे’, ‘खरचटणे’ आणि ‘चरणे’ असे अर्थ एकाखाली एक दिले आहेत. तिसऱ्या वाक्यासाठी मी ‘तिच्या बोटांनी त्याच्या मनगटाला हलकेच स्पर्श केला’ असे लिहून पाहिले. व्याकरणदृष्ट्या त्यात चूक नाही, तरीही मूळ प्रसंगात जे घडते ते या वाक्यात घडत नाही, असे सारखे वाटत राहते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. गवत चरण्याचा या स्पर्शाशी काय संबंध असावा, हेही समजून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद १

आपल्याला जे खटकले ते योग्यच खटकले आहे. ‘स्पर्श केला’ म्हटले की त्यात करणाऱ्याचा हेतू येतो आणि हात क्षणभर का होईना, तेथे थांबतो. ‘ग्रेझ’मध्ये थांबणे नसते. एखादी वस्तू आपल्या वाटेने चाललेली असते आणि जाता जाता दुसऱ्या वस्तूचा केवळ वरचा पृष्ठभाग तिला लागतो, एवढाच हा व्यवहार असतो. मराठीत हे काम ‘जाणे’ हे क्रियापद जोडून फार नेमकेपणाने साधते. चाटून जाणे, घासून जाणे, स्पर्शून जाणे हे सगळे प्रयोग त्याच घडणीचे आहेत. त्यामुळे ‘गोळी त्याच्या खांद्याला चाटून गेली’ हे वाक्य निःशंकपणे ठेवावे. क्रिकेटच्या वर्णनात चेंडू यष्टीला चाटून जातो, तोही याच अर्थाने.

हाच शब्द बोटांसाठी मात्र वापरता येणार नाही, कारण शरीराचा उल्लेख आला की ‘चाटणे’ पुन्हा जिभेकडे वळते आणि प्रसंगाचा विरस होतो. तेथे मी ‘उतरता उतरता तिची बोटे त्याच्या मनगटाला ओझरती लागून गेली’ असे लिहीन. गुडघ्याच्या वाक्यात नामासाठी नाम शोधत बसू नये. ‘त्याचा गुडघा खरचटला होता’ एवढे पुरेसे आहे.

प्रतिसाद २

व्युत्पत्तीविषयी थोडेसे. चरण्याच्या अर्थाचे ‘ग्रेझ’ हे गवताला असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दापासूनच आले आहे, याबद्दल शंका नाही. निसटत्या स्पर्शाचा अर्थ बराच नंतरचा, सुमारे १६०० सालच्या आसपासचा आहे, आणि तो पहिल्याच शब्दातून फुटला असावा असे कोशकार मानतात. मात्र त्यांनी ही गोष्ट ‘बहुधा’ म्हणूनच नोंदवली आहे. मेंढी गवत जमिनीलगत कुरतडते तेव्हा तिचे तोंड मातीच्या अगदी वरून सरकत जाते, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला हा संबंध ओढून ताणून जोडलेला वाटणार नाही. सैनिकी परिभाषेतही जमिनीला जवळजवळ समांतर, फार तर एक मीटर उंचीवरून जाणाऱ्या माऱ्याला ‘ग्रेझिंग फायर’ म्हणतात.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु ‘ब्रश’ आणि ‘ग्रेझ’ यांतला फरकही अनुवादकाने मनात ठेवायला हवा. ‘ब्रश’मध्ये स्पर्श मऊ असतो, पदराचा, केसांचा किंवा गर्दीतल्या बाहीचा. ‘ग्रेझ’मध्ये कडेला किंचित धार असते, मग जखम होवो वा न होवो. लेखिकेने बोटांसाठी ‘ब्रश’ न वापरता ‘ग्रेझ’ वापरला असेल, तर त्या माणसाला तो स्पर्श जाणवला, अगदी झोंबला, असे तिला सुचवायचे असण्याची शक्यता आहे. म्हणून ‘ओझरती लागून गेली’ऐवजी ‘चटकन घासून गेली’ हाही पर्याय तपासून पाहावा.

प्रतिसाद ४

विज्ञानलेखनात मला हा शब्द वारंवार लागतो. १० ऑगस्ट १९७२ रोजी एक तेजस्वी उल्का भरदिवसा अमेरिकेतील युटा राज्यापासून कॅनडातील अल्बर्टापर्यंत वातावरणातून गेली आणि जमिनीवर न पडता पुन्हा अवकाशात निघून गेली. अशा उल्केला इंग्रजीत ‘अर्थ-ग्रेझर’ म्हणतात आणि मराठीत ‘पृथ्वीच्या वातावरणाला घासून गेलेली उल्का’ हे वर्णन तिला तंतोतंत लागू पडते. १९९९ मध्ये सोडलेल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीचे आरसेही याच तत्त्वावर घडवले आहेत. समोरून आलेला क्ष-किरण आरशात शिरून शोषला जातो, परंतु अगदी तिरप्या कोनात पृष्ठभागाला घासून आला तर परावर्तित होतो. या अर्थाने मी ‘ग्रेझिंग’साठी ‘पृष्ठस्पर्शी’ असे लिहितो. कथेत मात्र तो शब्द जड होईल.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसऱ्या प्रतिसादानंतर मी मूळ परिच्छेद पुन्हा वाचला. पुढच्याच ओळीत तो माणूस वर पोहोचल्यावर आपले मनगट दुसऱ्या हाताने धरून उभा राहतो, हे माझ्या नजरेतून सुटले होते. त्यामुळे ‘उतरता उतरता तिची बोटे त्याच्या मनगटाला घासून गेली’ असे वाक्य कायम केले आहे, आणि ‘हलकेच’ हा शब्द काढून टाकला आहे.