मदत हवी आहे: पल्स मोटरवर बॅटरी चार्ज होतीय पण टिकेना

मंडळी नमस्कार, मी खानापूरचा. सायकलच्या रिमला चुंबकं लावून पल्स मोटर (कॉईलला थांबून थांबून करंट देऊन चाक फिरवणारी) केलीय, कॉईल चालू-बंद करायला २एन३०५५ ट्रान्झिस्टर आहे आणि कॉईल बंद होताना जो उलटा झटका येतो तो डायोडमधून १२ व्होल्टच्या जुन्या लेड अ‍ॅसिड बॅटरीला देतोय. चाक मस्त फिरतंय बघा, चार्जिंगला मीटर १४ च्या वर दाखवतो, पण काढून रात्रभर ठेवली की सकाळी १२.२ वरच, म्हणजे निम्मीच, आणि बल्ब लावला की लगेच मंद. फुकटची वीज होत नाही हे मान्यच, मला फक्त बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट (चार्ज धरू न देणारा थर) धरलंय की झटक्यांत करंटच कमी पडतोय हे कळायला पाहिजे. आधी कपॅसिटर भरून मग बॅटरीत सोडावं का? आणि बेळगावात हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजायचं साधन) कुठं मिळतो तेही सांगा की.