९२.७ कुणाचं, १०४.८ कुणाचं? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

सी-६०४: बिग एफएम विकलं म्हणतात, मग ९२.७ वर नाव तेच कसं? आणि १०४.८ वर पूर्वी बायकांच्या गप्पांचं स्टेशन होतं, ते कुठे गेलं?

ए-२०१: ताई, ते म्याऊ. त्याचं पुढे ओये झालं आणि ओयेचं इश्क. तिन्ही नावं इंडिया टुडे गटानेच दिली. म्हणजे तिन्ही नावांच्या काळात मालक तोच, फ्रिक्वेन्सी तीच, पाटी मात्र दोनदा बदलली. रेड एफएमचं नेमकं उलटं. तेही सुरुवातीला त्याच गटाचं होतं, नंतर सन समूहाशी जोडलेल्या कंपनीकडे गेलं. पण नाव आणि ९३.५ जागच्या जागी.

डी-११०२: आणि गो ९२.५ चं तर नाव, फ्रिक्वेन्सी सगळंच बदललं. ते रेडिओ वन ९४.३ झालं. मुंबईचे आकडे बघा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दोन स्टेशनांत ८०० किलोहर्ट्झचं अंतर. या रांगेत ९२.५ बसतच नाही.

सी-६०४: बरं, पण बिगचं काय?

ए-२०१: बिगची कंपनी रिलायन्स ब्रॉडकास्ट दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२४ मध्ये एनसीएलटीने (कंपन्यांच्या खटल्यांचं न्यायाधिकरण) सफायर मीडियाची ती कंपनी घेण्याची योजना मंजूर केली. त्याआधी २०१९ मध्ये रेडिओ सिटीवाल्यांशी व्यवहार ठरला होता, तो फिसकटला. मुळात परवानगी कंपनीच्या नावावर असते. ती परस्पर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. म्हणून बहुतेक वेळा अख्खी कंपनीच घेतात, तीही माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या मंजुरीने. ब्रँड त्यासोबत येतो. चालत असेल तर कोण कशाला बदलेल?

बी-३०३ (सेक्रेटरी): टँकरचा मेसेज वर गेला मंडळी. उद्या सकाळी ७ ते ९ पाणी बंद. चालू द्या तुमचं.

ई-४०५: काका, मालक बदलला की गाणी का बदलतात?

ए-२०१: टॉवरचं भाडं, वीज, सरकारी फी यांत फारसं काही कमी करता येत नाही. हात घालता येतो तो कार्यक्रमात आणि पगारात. त्यामुळे आरजे कमी होतात, एकाच स्टुडिओतला शो चार शहरांत वाजतो आणि जुनी गाणी येतात. फीचं महत्त्व खासगी एफएम परवान्यांच्या पहिल्या फेरीतच कळलं होतं. तेव्हा लायसन्स फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची, म्हणजे पाच वर्षांत दुप्पट. मुंबईचं विन ९४.६ त्याच काळात बंद झालं. २००५ च्या धोरणात सुरुवातीला एकरकमी प्रवेश फी आणि पुढे दरवर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के असं झालं, तेव्हा कुठे धंदा उभा राहिला.

डी-११०२: जुनी गाणी लावणं सोपं असतं हा मात्र गैरसमज. गाण्यांचा क्रम सॉफ्टवेअर लावतं: तासाचं एक घड्याळ, त्यात कुठल्या गटातलं गाणं कधी, आणि वर नियम. उदा. एकच गायक ४५ मिनिटांत परत नको. नव्या गाण्यांत हा नियम सहज पाळला जातो. रेट्रो केलं की किशोर, लता, रफी यांनीच निम्मी यादी भरते, नियम एकमेकांना आडवे जातात आणि सॉफ्टवेअर जागा रिकाम्या सोडतं. मग कुणीतरी बसून त्या हाताने भरायच्या. नियम सरसकट ढिला केला तर लागोपाठ तीन किशोर.

दुसरी गंमत आकड्यांची. हिट गाण्यांच्या गटात १२ गाणी आणि तासाला ४ जागा ठेवल्या तर दिवसाच्या ९६ जागा बरोबर ८ फेऱ्यांत संपतात. म्हणजे रोज सकाळी ८.१० ला तेच गाणं! ऑफिसला जाणारा माणूस वैतागतो आणि म्हणतो, "यांच्याकडे चारच गाणी आहेत." गटात १३ गाणी ठेवली की वेळ रोज सरकते. एका गाण्याचा फरक, पण घाईत फॉरमॅट बदलताना नेमकं हेच राहून जातं.

ई-४०५: जुन्या गाण्यांत मध्येच खरखर वाढते, तीही त्यामुळेच?

डी-११०२: नाही, ती प्रोसेसरची, म्हणजे स्टेशनवर आवाजाची पातळी सांभाळणाऱ्या यंत्राची करामत. नव्या, एकसारख्या मोठ्या आवाजाच्या गाण्यांसाठी केलेलं सेटिंग तसंच राहिलं, तर जुन्या रेकॉर्डिंगमधल्या शांत जागी तो आवाज वर उचलतो आणि मागची खरखरही वर येते. सेटिंग बदललं की थांबते.

सी-६०४: माझ्या गाडीच्या स्क्रीनवर अजून जुनंच नाव येतं.

डी-११०२: ते नाव आरडीएसमधून, म्हणजे रेडिओच्या सिग्नलसोबत येणाऱ्या मजकुरातून येतं, आठच अक्षरं मावतात. स्टेशनने एन्कोडरमध्ये (नाव पाठवणाऱ्या यंत्रात) बदललं नसेल तर तुमच्या हातात काही नाही. पण काही गाड्या प्रीसेटसोबत नाव साठवून ठेवतात. ते स्टेशन लावून प्रीसेटचं बटण दोन-तीन सेकंद दाबून पुन्हा सेव्ह करा. तेवढ्याने गेलं तर गाडीचा दोष, नाही गेलं तर स्टेशनचा.

एफ-१०१: एवढी स्टेशनं, पण मुंबईच्या बातम्या एकावरही नाहीत.

ए-२०१: खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देताच येत नाहीत. आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावता येतं. ट्रॅफिक, हवामान, परीक्षांचे निकाल बातम्यांत मोडत नाहीत, म्हणून तेवढं ऐकू येतं. मालक कुणीही आला तरी हे बदलत नाही.

सी-६०४: खरा मालक शोधायचा कसा?

ए-२०१: आधी मंत्रालयाच्या साइटवर खासगी एफएमची यादी उघडा. शहर आणि फ्रिक्वेन्सीवरून कंपनीचं नाव मिळतं. ब्रँडच्या नावाने शोधू नका, बऱ्याचदा सापडत नाही. मग ते नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाका. कंपनी शेअर बाजारात असेल तर एक्स्चेंजच्या साइटवर भागधारकांचा तक्ता असतो, तो दर तिमाहीला येतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "अमुक स्टेशन बंद" मेसेजपेक्षा हे बरं.

एफ-१०१: म्हणजे आता सगळं स्थिर झालं म्हणायचं?

ए-२०१: नाही हो. जुन्या बहुतेक स्टेशनांची १५ वर्षांची परवानगी १ एप्रिल २०१५ पासून धरली आहे. ती ३१ मार्च २०३० ला संपते. मुदत जवळ येईल तशी विक्रीची बोलणी वाढतील, कारण थोडीच वर्षं उरलेली परवानगी कुणी चढ्या भावाने घेत नाही.