मदत हवी आहे: खडकाळ पहाडीवर टिपी टॅप कसे उभे करावेत?

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहते. आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलामुलींनी पहाडीवरच्या एका वस्तीत काम सुरू केलंय. शहराला तिघरा धरणाचं पाणी आहे, पण या वस्तीत एकाही घरी नळ नाही. टँकर आला की ड्रम भरायचे आणि पुढचा येईपर्यंत त्यावर भागवायचं.

शौचाहून आल्यावर आणि जेवायच्या आधी पोरांनी साबणाने हात धुवावेत, एवढंच आम्हाला हवंय. आत्ता तोच हात तांब्यासकट ड्रममध्ये जातो आणि सगळ्या घराचं पिण्याचं पाणी बिघडतं. म्हणून टिपी टॅप निवडला. पाच लिटरच्या कॅनला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडायचं, कॅन आडव्या दांड्याला टांगायचा, खालची काठी पायाने दाबली की दोरी ओढली जाते, कॅन कलतो, बारीक धार पडते. हात कशालाच लागत नाही.

अडचण अशी की दांड्याचे खांब रोवायला मातीच नाही. वीतभर खाली खडक. विटा रचून उभे केलेले खांब शेळ्यांनी पाडले. साबणाची वडी टांगली की दुसऱ्या दिवशी गायब. ज्या घरात साबण विकत आणणं जड जातं, तिथे ती कुणी नेली तर मी रागावू कशी?

सगळ्यात अवघड प्रश्न तिथल्या बायकांचा आहे. प्यायला पुरत नाही, तर हातांवर कुठून ओतायचं, असं त्या विचारतात. डोक्यावर हंडे घेऊन त्याच चढतात, त्यामुळे यावर नुसतं स्वच्छतेचं भाषण देणं मला पटत नाही. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, खणूच नका. रंगाचे रिकामे डबे घ्या, मधोमध बांबू उभा धरून खडी-सिमेंट ओता. शेळ्यांना हलणार नाही आणि जागाही बदलता येईल.

वडीऐवजी साबणपाणी ठेवा: दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर, बाटलीच्या झाकणाला भोक. बांगलादेशात ही पद्धत वापरात आहे. बाटलीवर ठळक खूण करा, म्हणजे लहान मूल पिणार नाही.

हात धुवायला पिण्याइतकं शुद्ध पाणी लागत नाही, साबण मात्र हवाच. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरा. पिण्याच्या ड्रमला हात लावायची गरज नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! तांदळाच्या पाण्याचं सुचलंच नव्हतं. फक्त उन्हाळ्यात ते कॅनमध्ये आंबेल ना? रोज संध्याकाळी कॅन रिकामा करून धुतला तर पुरेल का? आणि सांडपाण्याचं काय करावं? खडकात शोषखड्डा होत नाही, पाणी साचलं तर डास होतील.