गुलमर्गला स्कीइंग: दोघं सराईत, बाकी सगळे कोरे, जमेल का?

ठाणेकर_भटक्या:
मंडळी, फेब्रुवारीत गुलमर्गचं ठरतंय. बहीण आणि भावजी म्युनिकला असतात, दरवर्षी आल्प्समध्ये स्की करतात, त्यामुळे त्यांचा हात (म्हणजे पाय) बसलेला आहे. मी आणि बायको अगदीच कोरे, मनालीला भाड्याचे गमबूट घालून फोटो काढलेत तेवढाच बर्फाशी संबंध. मुलगा ११ वर्षांचा, शिवाय आई आहे, तिला बीपीची गोळी चालू आहे. जिथे बघावं तिथे 'सर्व लेव्हलसाठी उत्तम' लिहिलंय पण ते खरंय का? बहिणीला पहिल्याच दिवशी सगळ्यांना घेऊन अगदी वर जायचंय.

सह्याद्री_ते_पीरपंजाल:
बहिणीला आवरा आधी 😄 गुलमर्गमध्ये अगदी नवख्यांसाठी आहे आणि अगदी पट्टीच्या लोकांसाठी आहे, मधल्यांसाठी मात्र फार थोडं आहे, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. खाली गोल्फ कोर्सच्या आसपास हलके उतार आहेत, ड्रॅग लिफ्ट (स्कीवर उभं असतानाच ओढून वर नेणारी दोरी) आहे, तुम्ही तिघांनी पहिले तीन-चार दिवस तिथेच काढायचे, पडायचं, उठायचं, स्कीची पुढची टोकं जवळ आणून ब्रेक मारायचा (त्याला तिथले शिक्षकसुद्धा पिझ्झाच म्हणतात). तो ब्रेक अंगवळणी पडल्याशिवाय गंडोल्याने (म्हणजे केबल कारने) स्की घेऊन वर जायचं नाही. गंडोल्याचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, साधारण ३,१०० मीटर, तिथून वर चेअरलिफ्ट आहे, जे काही मधल्या लेव्हलचं आहे ते याच पट्ट्यात. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरला सोडतो, तिथून गुलमर्गपर्यंत १,३०० मीटरचा उतार, तो बहीण-भावजींसाठी.

झुरिकचा_जोशी:
त्यांच्यासाठीपण एक गोष्ट. इकडे आल्प्समध्ये निळे, लाल, काळे असे उतार आखलेले असतात, रात्री मशीन फिरवून बर्फ दाबून ठेवतात, आपण फक्त रंग बघून जायचं. अफरवटला तसलं काही नाही, मोकळा डोंगर आणि भुसभुशीत ताजा बर्फ, लोक जगभरातून येतात ते त्याच्याचसाठी. स्की पेट्रोल (डोंगरावरचं सुरक्षा पथक) गंडोल्याच्या आसपासचाच भाग सांभाळतं, त्या बाहेर गेलात की हिमस्खलनाची जबाबदारी तुमची. फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन. तेव्हा स्थानिक गाइड, प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), आणि ते वापरता यायला हवं, नुसतं सॅकमध्ये असून उपयोग नाही. दरवर्षी आल्प्सला जातो म्हणजे हे येतंच असं नसतं, बहुतेकांचा सगळा जन्म दाबलेल्या बर्फावरच जातो.

कोल्हापुरी_मावशी:
शिकायचंच असेल तर तिथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, केंद्राच्या पर्यटन खात्याची सरकारी संस्था, त्यांचे हिवाळ्यात कोर्स असतात. माझ्या भाचीने केला, शिस्त कडक पण पाया पक्का झाला. जागा लवकर भरतात आणि वयाची अट आधी विचारून घ्या, मुलाचा प्रश्न आहे.

सह्याद्री_ते_पीरपंजाल:
कोर्स चांगलाच आहे मावशी, पण सगळं कुटुंब सोबत असताना बॅचच्या वेळापत्रकात अडकायला होतं. यांनी खाजगी शिक्षक घ्यावा असं माझं मत. फक्त गंडोल्याच्या दारात जो अंगावर येतो त्याला हो म्हणू नका, हॉटेलवाल्याला विचारून आदल्या संध्याकाळी भेटा, बूट तेव्हाच घालून बघा. बूट चावला की दिवस संपला.

ठाणेकर_भटक्या:
हे भारी आहे सगळं, धन्यवाद. बहिणीला वाचायला देतो. बीकन वगैरे त्यांच्याकडे नाहीये बहुतेक, विचारतो. आणि आईचं काय करू?

कोल्हापुरी_मावशी:
गुलमर्गच २,६५० मीटरवर आहे, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि पोचल्यावर पहिला दिवस नुसता आराम. तब्येत बरी वाटली तर कोंगदूरीपर्यंत जाऊन येऊ देत, वरचा टप्पा त्यांच्यासाठी नको. स्लेजवाले मागे लागतील, बसायचं असेल तर भाव आधी ठरवायचा. नाहीतर हॉटेलात बुखारीजवळ (तिकडची शेगडी) बसून कहवा, माझ्या सासूबाई तर खिडकी सोडायलाच तयार नव्हत्या.

झुरिकचा_जोशी:
अजून दोन फुटकळ गोष्टी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणि बर्फ पडला की गुलमर्गच्या खालच्या तंगमर्ग गावाच्या पुढे साधी टॅक्सी सोडत नाहीत, चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यावी लागते, त्याचे पैसे वेगळे. श्रीनगरची विमानंपण हिवाळ्यात रद्द होतात, परतीच्या म्युनिकच्या फ्लाइटआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवायला सांगा बहिणीला.

ठाणेकर_भटक्या:
बापरे, तिने तर श्रीनगर-दिल्ली-म्युनिक एकाच दिवसात बुक केलंय. फोन लावतो आत्ताच.