गल्ला भरला, वर पुरस्काराची बाहुलीही त्यालाच द्यायची का?

तिसरी घंटा (लातूर)

ऑगस्ट २०२५ मध्ये ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट अभिनेता विभागून : ‘जवान’साठी शाहरुख खान आणि ‘ट्वेल्थ फेल’साठी विक्रांत मॅसी. तेव्हापासून टपरीवरसुद्धा एकच वाद चालू आहे, पुरस्कार लोकांनी उचलून धरलेल्याला द्यायचा की काम चांगलं केलेल्याला. (दोन्ही एकाच माणसात सापडू शकतं, मान्य. पण नियम करताना एक काहीतरी धरावंच लागतं.)

माझं मत असं की लोकप्रियतेचं बक्षीस तिकीटबारीवर रोखीने मिळून जातं. पुरस्कार त्या कामाला द्या जे तिकीटबारीला दिसत नाही. संकलन किंवा ध्वनिमिश्रण चांगलं आहे म्हणून कुणी तिकीट काढत नाही. लोकप्रियतेचा मान ठेवायचा तर तिचं ताट वेगळं मांडलेलंच आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत १९७५ च्या चित्रपटांपासून निकोप करमणूक करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा स्वतंत्र विभाग आहे. ६५व्या पुरस्कारांत ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ सर्वोत्कृष्ट ठरला, ‘बाहुबली २’ लोकप्रिय ठरला, दोघं आपापल्या ताटात जेवले. पण त्याआधी ६३व्या वेळी ‘बाहुबली’चा पहिला भाग थेट सर्वोत्कृष्टच्या पाटावर बसला होता, आणि लोकप्रियचं ताट ‘बजरंगी भाईजान’ला मिळालं. असंच करायचं तर दोन ताटं मांडता कशाला?

डोअरकीपर (नांदेड)

दादा, रोखीने मिळतं असं तुम्ही म्हणायलाव ते पेपरातले गल्ल्याचे आकडे वाचून. हिशेब मांडू. तिकीट २३६ रुपयांचं. १८ टक्के जीएसटीचे ३६ गेले, राहिले २००. हिंदी सिनेमाचा मल्टिप्लेक्समधला रूढ वाटा असा : वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढं ३०. म्हणजे तेच तिकीट पहिल्या आठवड्यात वितरकाला १०० रुपये देतं आणि चौथ्यात ६०. त्यातून प्रसिद्धीचा खर्च आणि कमिशन वजा झालं की उरलेलं निर्मात्याचं.

ज्या सिनेमात मोठा नट नाही, जाहिरातीला पैसा नाही, तो तोंडातोंडी पसरतो. पसरायला दोन आठवडे जातात. तोवर वाटाही उतरलेला असतो आणि शोही. पहिल्या शुक्रवारी चार होते, तिसऱ्या शुक्रवारी सकाळी नऊचा एकच राहतो. लोकांनी लई मनापासून उचललेला सिनेमाच रोखीत सगळ्यात कमी खातो. त्याला लोकांच्या हातची बाहुली कामून नको?

वारूळ (धाराशिव)

डोअरकीपर, तुमच्याच हिशेबातून निघतंय की गल्ल्यावरून लोकप्रियता कळत नाही. मॉलमधल्या पडद्याला १०० जण २५० रुपयांनी बसले तर २५,००० होतात. तालुक्याच्या सिंगल स्क्रीनला २०० जण ११० रुपयांनी बसले तर २२,०००. माणसं दुप्पट, गल्ला कमी. कुठल्या आकड्याला लोकप्रिय म्हणायचं? माळेगावच्या यात्रेत तंबूत बसून सिनेमा पाहणारा माणूस तर या मोजणीत धरलेलाच नसतो.

शिवाय शो कोणत्या वेळेला लागला यावर अर्धा खेळ ठरतो. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा संध्याकाळी ६ ते ९ लावायला सांगितलं, ओरड झाल्यावर ते दुपारी १२ ते रात्री ९ झालं. बारा वाजता मोंढ्यातला हमाल आणि शाळेतला मास्तर दोघंही कामावर असतात. त्यांनी पाहिला नाही म्हणून सिनेमा नावडता ठरतो का?

सिनेमावाल्यांनीच तिकिटं घाऊक विकत घ्यायची, त्या एकगठ्ठा बुकिंगबद्दल तर बोलायलाच नको. पहिल्या रविवारी ऑनलाइन आसनांचा नकाशा पूर्ण भरलेला दिसतो आणि आत निम्म्या खुर्च्या मोकळ्या. खरा आकडा हवा असेल तर मध्यंतरात कँटीनवाल्याला समोसे किती गेले ते विचारावं.

कोरी पाटी (परभणी)

तिकीटबारीवर सगळे तुटून पडलात, परीक्षकांकडेही बघा जरा. गुणवत्ता म्हणजे पाच माणसांनी दहापैकी दिलेले गुण. समजा, ‘अ’ सिनेमाला ९, ९, ९, ९ आणि २ मिळाले, बेरीज ३८. ‘ब’ला ८, ८, ८, ८ आणि ७, बेरीज ३९. पाचपैकी चौघांना ‘अ’ जास्त आवडला, जिंकला ‘ब’. एका माणसाने २ टाकून निकाल फिरवला. त्याला खरंच आवडला नसेल किंवा ‘ब’ त्याच्या ओळखीतल्याचा असेल. गुणपत्रिकेवर दोन्ही सारखंच दिसतं.

पाहण्याची पद्धतही बघा. परीक्षकांना लिंक पाठवायची, त्यांनी लॅपटॉपवर पाहायचं, आणि पुरस्कार द्यायचा ध्वनिआरेखनाला! ५.१ मध्ये (म्हणजे थिएटरात चहूबाजूंनी स्पीकर असतात त्या रचनेत) मागच्या स्पीकरवर ठेवलेला पाऊस लॅपटॉपच्या दोन स्पीकरांतून पुढे येऊन संवादावर बसतो. परीक्षक लिहितात, ‘संवाद अस्पष्ट’. हीच ती गुणवत्ता का?

तिसरी घंटा (लातूर)

ताई, दोन्ही आजारांवर औषध आहे. प्रत्येक सिनेमाचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण काढून टाकायचा. तुमच्याच उदाहरणात ‘अ’चे राहतात २७, ‘ब’चे २४. तीनच परीक्षक असतील तर हे चालत नाही, एकच गुण उरतो. निदान पाच हवेत, सात बरे. ज्याचा सिनेमाशी संबंध आहे त्याने त्या सिनेमापुरतं उठून बाहेर बसायचं. ध्वनीचे विभाग थिएटरातच, नेमलेल्या आवाजावर ऐकायचे. राष्ट्रीय पुरस्कारांत ५७व्या वर्षापासून आधी प्रादेशिक समित्या आणि मग केंद्रीय समिती अशी चाळणी आली. पद्धत सुधारता येते. गर्दीला कसं सुधारणार?

डोअरकीपर (नांदेड)

चाळणी कुणाच्या हातात आहे तेही बोला. आपल्याकडचा माणूस पडद्यावर ‘काय करायलाव?’ म्हणला की शहरी कानाला आधी विनोद ऐकू येतो, माणूस नंतर दिसतो. त्या भीतीनं डबिंगमध्ये ‘करायलाव’चं ‘करताय’ होतं. पडद्यावरचे ओठ पाच अक्षरांचे, आवाज चार अक्षरांचा. मग तेच परीक्षक लिहितात की संवादफेक कृत्रिम वाटते. परभणीच्या प्रेक्षकाला तो दोष पहिल्या मिनिटात कळतो, कारण त्याच्या घरात तीच बोली आहे. बोलीच्या बाबतीत गुणवत्तेचा जाणकार तोच, तुमची समिती नव्हे.

शेवटची रांग (जालना)

ऑस्करवाल्यांनी हे सगळं करून पाहिलंय. २००९ मध्ये ‘द डार्क नाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं नाही म्हणून गहजब झाला, तेव्हा त्यांनी पाचाची दहा नामांकनं केली. त्याबरोबर पसंतीक्रमाची मतमोजणी आणली. कुणाला निम्म्याहून जास्त पहिली पसंती नसेल तर तळाचा सिनेमा बाद होतो, त्याची मतं त्या-त्या पत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीला जातात, कुणीतरी निम्मं ओलांडेपर्यंत. यात काहींचा जीव की प्राण आणि बाकीच्यांच्या डोक्यात जाणारा सिनेमा मागे पडतो, बहुतेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरचा पुढे सरकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये लोकप्रिय सिनेमाचा वेगळा विभाग जाहीर केला, महिन्याभरात गुंडाळून ठेवला. २०२२ मध्ये ट्विटरवर आवडता सिनेमा आणि आवडता प्रसंग अशा दोन कौलांत जनतेची पसंती मागवली, एका खात्याला दिवसाला २० मतं. दिग्दर्शक झॅक स्नायडरच्या चाहत्यांनी दोन्ही कौल खिशात घातले. एकाच माणसाला रोज २० मतं दिली की प्रेक्षक नाही, चिकाटी मोजली जाते.

डोअरकीपरांचा बोलीचा मुद्दा मात्र मला पटला. त्याला उत्तर समितीत मराठवाड्याचा एखादा माणूस बसवणं हे आहे, मतपेटी नव्हे.

कोरी पाटी (परभणी)

एक माणूस बसवला की तोच मराठवाड्याचा ठेकेदार होतो. मतपेटीही ठेवा, फक्त नीट मोजा. आपल्या जिल्ह्यांत लघुपट महोत्सव भरवणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. प्रत्येक प्रेक्षकाला शोच्या आधी एक चिठ्ठी, कडेला १ ते ५ आकडे, बाहेर पडताना आवडेल तो आकडा फाडून पेटीत. पेन लागत नाही, अंधारात जमतं. पण नुसती सरासरी काढू नका. छोट्या सभागृहात दिग्दर्शकाचे ६० नातलग बसले की ४.८ येतात, आणि मोठ्या सभागृहात ३५० अनोळखी माणसांचे ४.४. सरळ सरासरीत नातलग जिंकतात.

म्हणून प्रत्येक सिनेमाला आधी १०० काल्पनिक मतं द्यायची, महोत्सवाच्या एकूण सरासरीची. ती ३.८ धरा. नातलगांच्या सिनेमाचे ६० गुणिले ४.८ म्हणजे २८८, त्यात ३८०, भागिले १६०, आले ४.१८. दुसऱ्याचे १५४० अधिक ३८०, भागिले ४५०, आले ४.२७. निकाल बरोबर फिरतो. हा १०० चा आकडा निकालाच्या दिवशी ठरवायचा नाही, पहिल्या शोच्या आधी फलकावर लावायचा.

वारूळ (धाराशिव)

आणि ज्याचे एकूण प्रेक्षकच ४० असतील त्याचं काय? त्याला १०० काल्पनिक मतांनी गाडून टाकलंत की. दुपारी बाराचा शो त्याने मागितला नव्हता.

कोरी पाटी (परभणी)

मान्य. त्यासाठी स्पर्धेतल्या प्रत्येक सिनेमाला दोन शो द्यायचे, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, आणि दोन्ही सारख्याच आकाराच्या सभागृहात. तेवढं जमत नसेल तर प्रेक्षक पुरस्कार ठेवू नका, उगाच नाव खराब होतं.

डोअरकीपर (नांदेड)

पेटी दाराच्या आतल्या बाजूला ठेवा म्हणजे झालं. बाहेर चहाच्या टेबलापाशी ठेवली तर चिठ्ठीवर कप ठेवतेत लोकं.