देवाला ठाऊक आहे, मग माणसाला कशाला सांगायचं?

मोहननगरची:
खडा_सवाल यांनी परवा लिहिलं होतं, "चर्चमधली पापकबुली ही मंडळीला मुठीत ठेवायची युक्ती आहे. देवाला सगळं ठाऊक आहे, मग माणसापुढे नाक कशाला घासायचं?" खाली सगळ्यांच्या टाळ्या. दोन रात्री ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सात वर्षं आमच्या बचत गटाची खजिनदार होते. बारा बायका, महिन्याला दोनशे रुपये. नवऱ्याचं काम सुटलं त्या उन्हाळ्यात गटाच्या पैशातून तीन हजार उचलले, पुढच्या महिन्यात ठेवू म्हणून. तीन वर्षांत ते 31,400 झाले. दोघींच्या नावावर त्यांनी न घेतलेली कर्जं लिहिली. मागच्या तारखांच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्या की शाई एकसारखी दिसते, म्हणून तीन वेगळी पेनं वापरायची. त्यातलं एक अर्धवट वाळलेलं, पुसट उठणारं पेन मी डाळीच्या डब्यामागे जपून ठेवलं होतं. जुन्या तारखांसाठी.

दर रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीआधी विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेली पापं सगळ्यांबरोबर मोठ्याने कबूल करत होते. शंभर आवाजांत माझे 31,400 सहज लपायचे. रात्री एकटीने देवालाही सांगायचे. देव ऐकत होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण सकाळी पुन्हा तेच पेन हातात यायचं.

शेवटी पाळकबाईंना सांगितलं, त्यांच्या स्वयंपाकघरात. त्या मेथी निवडत होत्या. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बायकांना कधी सांगतेस?" बायबलातल्या जक्कय जकातदारानेही नुसतं चुकलो म्हटलं नव्हतं, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला होता. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर रजिस्टर उघडून एकेक खोटी नोंद बोटाने दाखवली. एक जण चहा न घेता उठून गेली, ती आजही बोलत नाही. त्या रात्री मी तीन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले. सत्य बंधमुक्त करतं हे वचन लहानपणापासून पाठ होतं. आता ते माझं आहे. याला कुणी गुलामी म्हणत असेल तर मी गप्प बसणार नाही.

खडा_सवाल:
ताई, तुमची पाळकबाई भली निघाली. माझ्या बहिणीचं ऐका. एकोणीस वर्षांची होती. दुसऱ्या समाजातल्या मुलावर जीव होता. मन खात होतं म्हणून विश्वासाने आमच्या पाळकांना सांगितलं. तिसऱ्या रविवारी उपदेशात "आपल्या मंडळीतली एक तरुण मुलगी" आली. नाव घेतलं नाही. साठ घरांच्या मंडळीत नाव घ्यावं लागतं? आईने तिथेच पदर तोंडाला लावला. बहीण त्यानंतर चर्चची पायरी चढलेली नाही. केरळात तर कन्फेशनमधलं, म्हणजे पुरोहितापुढच्या पापकबुलीतलं, ऐकून पुरोहितांनी बाईला धमकावल्याचा आरोप झाला आणि 2018 मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करायची शिफारस केली. आता सांगा, मुठीत ठेवायची युक्ती म्हटलं तर काय चुकलं?

सदरकर:
तुमच्या पाळकांनी तोंड उघडलं आणि शिक्षा कन्फेशनला? आम्हा कॅथलिकांत फादरने कन्फेशनमधलं बाहेर सांगितलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो. कोर्टात उभा केला तरी सांगायचं नाही. 1215 च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कन्फेशन बंधनकारक केलं, ते काही गावगप्पांसाठी नव्हे. जाळीपलीकडे कोण आहे हेही दिसू नये अशी सोय आहे. तुम्ही लोकांनी जाळी काढली, गुप्ततेचा शिक्का काढला आणि आता भोगता.

खडा_सवाल:
"तुम्ही लोकांनी"? माझ्या बहिणीचं आयुष्य उसवलं आणि तुम्हाला प्रोटेस्टंटांचा हिशेब चुकता करायचा आहे. केरळातले ते पुरोहित शिक्क्याखालीच होते ना? पंथ दुसरा असेल, बंधन तेच. कायदा कागदावर सगळ्यांचाच सुंदर असतो.

आजीची नात:
माझी आजी कॅथेड्रलला जायची. तिला वऱ्हाडीशिवाय दुसरं येत नव्हतं, फादर दक्षिणेकडचे, मराठी चार शब्द. ती गुडघ्यावर बसून म्हणायची, "फादर, म्या सासूले दोन दिस उपाशी ठेवलं, मले झोप येऊन नाही राहिली." फादर हिंदीत दहा वेळा नमो मरिया म्हणायला सांगायचे. सासूबद्दल एक शब्द नाही. घरी आली की मला म्हणायची, "त्याइले समजलंच नाही वो." मरेपर्यंत तिला वाटत राहिलं की ते पाप कुणी ऐकलंच नाही. कबुली मोकळं करते म्हणता, पण कोणत्या भाषेत? नागपूरच्या चर्चमध्ये आधी मराठी आणा.

सदरकर:
दुभाष्यामार्फत कन्फेशन देता येतं, चर्चच्या कायद्यात तरतूद आहे, आणि दुभाष्यालाही गुप्तता बंधनकारक असते.

आजीची नात:
सासूला उपाशी ठेवल्याचं आजी दुभाष्यापुढे बोलणार होती? तुम्हाला आजी कळल्याच नाहीत.

बेझनबाग_तमिळ:
आता हे सुरू झालं. माझे आजोबा रेल्वेत इथे आले, मी नागपुरात जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, आणि प्रत्येक वादात दक्षिणेकडचे फादर येतातच. आजींच्या मराठी शेजाऱ्यांच्या मुलांनी फादर व्हायला सेमिनरीत जायचं होतं. कुणाला अडवलं होतं?

आजीची नात:
अडवलं नव्हतं, पण बोलावलं तरी कुणी? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, कारण साध्या बाईला ते कळायला हवं होतं. त्यांच्या मागे 1924 मध्ये ते छापून निघालं. तेव्हा एक विधवा हे करू शकली, आणि आम्ही अजून "ऐकून घ्या" म्हणतोय.

जुना_मेंढपाळ:
रमाबाईंचं नाव निघालं म्हणून. 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन् तास रडत मोठ्याने पापं कबूल करत होत्या. त्यातूनच संजीवन आलं. लपवाछपवीतून जागृती येत नाही. खडा_सवाल, बहिणीला परत आणा, उघड साक्ष देऊ द्या, सगळी लाज गळून पडेल.

खडा_सवाल:
लाज तिची नाहीच. पुन्हा असं लिहू नका.

निळाई:
मी बौद्ध आहे, बाहेरची म्हणून बोलले तर चालेल ना. केडगावातल्या कितीतरी मुली 1896-97 च्या दुष्काळात आपल्याच मध्य प्रांतातून नेलेल्या होत्या. भुकेने अर्धमेल्या. त्या पोरींची पापं ती काय असणार? धान्य दाबून ठेवणाऱ्या सावकारांनी कुठे कबुली दिली? कबुलीबद्दल माझं भांडण हेच आहे. खालचा बोलतो, वरचा ऐकतो. आमच्याकडे उपोसथाच्या दिवशी पातिमोक्ख, म्हणजे भिक्खूंचे नियम, म्हणण्याआधी भिक्खू आपले दोष एकमेकांना सांगतात. भिक्खू भिक्खूला. उपासकाने भिक्खूपुढे पापं मोजायची, असं नाही.

जुना_मेंढपाळ:
त्या मुलींच्या कबुल्या पवित्र आत्म्याने करवल्या. बाहेरून मोजमाप करू नका.

मोहननगरची:
मेंढपाळ काका, आत्म्याचं नाव घेऊन निळाईंना गप्प करू नका. त्यांनी माझ्या वर्मावर बोट ठेवलं आहे. बायबलात याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात "एकमेकांजवळ पापं कबूल करा" असंच आहे. एकमेकांजवळ! 1970 मध्ये याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, माझ्या आईवडिलांनी तो सोहळा पाहिला, आणि मी जन्मापासून त्या मंडळीत आहे. एवढ्या वर्षांत एकाही पाळकाने आमच्यासमोर "मी अमुक चुकलो" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण खरं आहे.

आता खडा_सवाल भाऊ, तुम्हाला. तुमच्या बहिणीने केलं ती कबुली होती. पाळकांनी केली ती चोरी. मी बायकांचे पैसे चोरले, त्यांनी तिचा शब्द चोरला. मी बारा जणींपुढे उभी राहिले कारण नुकसान बारा जणींचं होतं. तेराव्या माणसाला ते ऐकायचा हक्क नव्हता. त्याच मापाने त्या पाळकांनी साठ घरांसमोर उभं राहून "मी विश्वासघात केला" म्हणायला हवं होतं. कबुली तिथे जास्त झाली नाही. जिथे व्हायला हवी होती तिथे झालीच नाही.

सदरकर:
हे पटलं. प्रोटेस्टंटांवर घसरलो तेही चुकलंच. पण शिक्का हवाच, यावरून हटणार नाही. आणि नातबाई, मराठी कन्फेशनचं मी आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये मांडतो. होईलच असं सांगत नाही.

आजीची नात:
मांडा. आजीचं नाव नका सांगू.

खडा_सवाल:
ताई, युक्ती हा शब्द तुमच्या पाळकबाईंपुरता मागे घेतो, पुढे नाही. ते पाळक आता निवृत्त आहेत, शहरातच राहतात. त्यांनी साठ घरांसमोर उभं राहावं, असं आमच्या घरात आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आम्ही बहिणीलाच समजावत बसलो. आज रात्री तिला फोन करतो. तिला हवं असेल तरच त्यांच्याकडे जाईन. ती नको म्हणाली तर हा विषय माझ्याकडून बंद, मग इथे कुणी काढू नका.

मोहननगरची:
नाही काढणार. माझे अजून 4,200 फेडायचे आहेत, पुढच्या दिवाळीपर्यंत. रजिस्टर आता जी बोलत नाही तिच्याकडे आहे. मी पैसे ठेवते, ती मोजते, सही करते. एकच पेन वापरते.